घरगुती पवनचक्कीचा रेक्टिफायर: किती डायोड, कोणते आणि कसे जोडायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.८ मीटर व्यासाची तीन पात्यांची पवनचक्की, घरी बनवलेला थ्री-फेज ॲक्सिअल अल्टरनेटर (कॉइलच्या दोन्ही बाजूंना चुंबकांच्या फिरत्या चकत्या), ९ कॉइल, प्रत्येक चकतीवर १२ चुंबक, स्टार जोडणी (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडलेलं), खाली २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी बँक. रेक्टिफायर म्हणून, म्हणजे अल्टरनेटरची एसी वीज बॅटरीला चालेल अशा डीसीत बदलायला, चार पायांचा ३५ अँपिअरचा एक ब्रिज (करंटला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडचा डबा) आणला, त्याच्या दोन एसी पायांना अल्टरनेटरच्या दोन वायरी लावल्या, तिसरी मोकळी राहिली. चार्जिंग होतं, पण वारा वाढला की टॉवर थरथरतो आणि ब्रिजला बोट लावता येत नाही. मोठ्या अँपिअरचा ब्रिज आणावा का, आणि रेक्टिफायर वर बसवावा की खाली?

मोठा ब्रिज आणला तर चटका थोडा कमी बसेल, थरथर तशीच राहील. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. थरथर मोकळ्या राहिलेल्या तिसऱ्या वायरीमुळे आहे, आणि ब्रिज तापतो तो हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा पट्ट्यांचा धातूचा ठोकळा) नसल्यामुळे किंवा अपुरा असल्यामुळे.

आधी थरथर. अल्टरनेटरचा एक फेज, म्हणजे कॉइलचा एक गट, पात्यांना जो विरोध करतो तो सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. तिन्ही फेजवर सारखा भार असला की एकाचा ठोका उतरत असताना दुसऱ्याचा चढत असतो आणि शाफ्टला जवळपास एकसारखा विरोध जाणवतो. दोनच वायरी वापरल्या की उरतो सिंगल-फेज भार, आणि त्याचा विरोध प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. १२ चुंबक म्हणजे ६ ध्रुवजोड्या, म्हणून ३०० आरपीएमला वारंवारता ३० हर्ट्झ आणि सेकंदाला ६० झटके. ते शेपटीत, टॉवरमध्ये आणि ताणतारांमध्ये उतरतात. शिवाय तेवढाच चार्जिंग करंट आता तीनऐवजी दोनच फेजच्या कॉइलमधून जातो. त्या दोन फेजमधली उष्णता प्रत्येकी जवळजवळ दुप्पट होते, आणि रेझिनमध्ये ओतलेल्या स्टेटरला, म्हणजे कॉइल बसवलेल्या स्थिर भागाला, ती बाहेर टाकायला फारशी वाट नसते. म्हणून नवीन जोडणी होईपर्यंत चक्की थांबवून ठेवा. ब्रिज जळाला तर बदलता येतो, स्टेटर जळाला तर पुन्हा गुंडाळावा लागतो.

आता करंट किती धरायचा ते पाहू. १.८ मीटर व्यासाचं क्षेत्र २.५४ चौरस मीटर. १० मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात त्या क्षेत्रातून साधारण १५०० वॅट शक्ती वाहते. पाती, अल्टरनेटर आणि वायर यांतलं नुकसान वजा जाऊन त्यातली ३० टक्के बॅटरीपर्यंत आली तर चक्की चांगली बनली आहे असं समजा. म्हणजे साधारण ४५० वॅट, आणि चार्जिंगच्या २७ व्होल्टला १७ अँपिअर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे १२ मीटर प्रतिसेकंदला हाच आकडा ८०० वॅट आणि ३० अँपिअरच्या जवळ जातो. खरी कमाल मर्यादा तुमची शेपटी कोणत्या वाऱ्याला चक्की बाजूला वळवते त्यावर ठरते. ते मोजलेलं नसेल तर ३० अँपिअर धरून चाला.

मग ३५ अँपिअरचा ब्रिज का पुरत नाही? कारण ब्रिजवर छापलेला आकडा एका अटीसह दिलेला असतो आणि ती अट ब्रिजवर छापलेली नसते. केबीपीसी ३५१० या नेहमीच्या चौकोनी ब्रिजच्या डेटाशीटमध्ये ३५ अँपिअर बहुधा केसचं, म्हणजे ब्रिजच्या बाहेरच्या कवचाचं, तापमान ५५ अंशांवर राखलं तर, असं दिलेलं असतं. त्यापुढे केस जसजशी तापते तशी क्षमता उतरत जाते आणि १५० अंशांना शून्य होते. म्हणून रेक्टिफायर निवडताना पहिला हिशेब उष्णतेचा करायचा.

तो हिशेब सोपा आहे. कोणत्याही क्षणी करंट दोन डायोडमधून जातो, एकातून बाहेर आणि दुसऱ्यातून परत. साधा सिलिकॉन डायोड कमी करंटला ०.७ व्होल्ट खातो, भरपूर करंटला १ व्होल्ट किंवा थोडा जास्त. दोन मिळून २ व्होल्ट धरा. ३० अँपिअर गुणिले २ व्होल्ट म्हणजे ६० वॅट, म्हणजे लहान सोल्डरिंग गनएवढी उष्णता आणि वारा असेल तोवर सतत. असा ब्रिज नुसता फळीवर स्क्रू केला तर मोजके काही वॅटच बाहेर टाकू शकतो.

हीट सिंक किती मोठा हवा तेही यातूनच निघतं. पेटीजवळची हवा ४० अंश धरा आणि सिंक ८० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवा. ४० अंशांचा फरक भागिले ६० वॅट म्हणजे दर वॅटला ०.६७ अंश. सिंक विकत घेताना हा आकडा किंवा याहून कमी आकडा पाहून घ्या. त्यावर तीन ब्रिज बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० वॅट येतात. अशा ब्रिजच्या आतली सिलिकॉनची चकती केसपेक्षा दर वॅटला दीड ते दोन अंश जास्त तापते, म्हणजे आत ११० ते १२० अंश. १५० च्या मर्यादेपासून हे पुरेसं लांब आहे. हेच ६० वॅट एका ब्रिजमध्ये कोंबले तर आतलं तापमान १७० ते २०० पर्यंत जातं आणि सिंक कितीही सुंदर असला तरी ब्रिज जातो. एकाऐवजी तीन ब्रिज घेण्यामागचं खरं कारण हे आहे.

बॅटरीच्या व्होल्टेजवर या नुकसानीचं वजन ठरतं. १२ व्होल्ट बँकेत डायोड १३ टक्के शक्ती खातात, २४ मध्ये ७, आणि ४८ मध्ये साधारण साडेतीन. तुम्ही २४ वर आहात, ते ठीक आहे. १२ वर कोणी असेल आणि केबल लांब असेल तर महाग डायोड शोधण्यापेक्षा बँक २४ किंवा ४८ ची करणं आणि त्यासाठी कॉइल बारीक तारेच्या जास्त वेढ्यांनी गुंडाळणं हाच खरा उपाय. शॉटकी डायोड ०.४ ते ०.६ व्होल्टच खातात म्हणून मोहात पाडतात. पण त्यातल्या स्वस्त जातींची उलटा दाब, म्हणजे उलट्या दिशेचं व्होल्टेज, सहन करायची मर्यादा ४५ ते ६० व्होल्ट असते आणि तापल्यावर त्यांची गळती वाढते. चक्कीवर मी ते वापरणार नाही, आणि कारण उलट्या दाबाचं आहे.

बॅटरी जोडलेली असते तोवर डायोडवर बॅटरीएवढाच उलटा दाब येतो, कारण बॅटरी व्होल्टेजला वर चढूच देत नाही. एखादी लग (वायरीच्या टोकाची कडी) सैल झाली किंवा फ्यूज उडाला की भार जातो, पाती सुसाट सुटतात आणि व्होल्टेज आरपीएमच्या प्रमाणात चढतं. २४ व्होल्टची चक्की अशा वेळी सहज १०० व्होल्ट ओलांडते. म्हणून किमान ४०० व्होल्टचा डायोड घ्या. १००० व्होल्टचा सहज मिळतो, तोच घेतलेला बरा. गाडीच्या अल्टरनेटरमधली डायोड प्लेट यामुळेच २४ व्होल्टला चालत नाही. तिच्यातले बरेचसे डायोड पंचवीसेक व्होल्टच्या आसपास उलट दिशेने मुद्दाम वाहू लागतील असेच बनवलेले असतात.

तुमच्याकडे एक केबीपीसी ३५१० आहेच, तर तसेच आणखी दोन आणा. जोडणी अशी: पहिल्या ब्रिजचे दोन्ही एसी पाय एकमेकांना जोडा आणि त्या जोडावर अल्टरनेटरची पहिली वायर लावा. दुसऱ्या ब्रिजचे दोन्ही एसी पाय जोडून दुसरी वायर, तिसऱ्याला तिसरी. मग तिन्ही ब्रिजचे प्लस एकत्र, तिन्ही मायनस एकत्र. तीन वायरींपैकी कोणती कुठे, याने काहीही फरक पडत नाही. असं केल्याने प्रत्येक जागी दोन डायोड समांतर येतात. ते एकाच केसमध्ये, जवळजवळ एकाच तापमानाला असल्याने करंट बऱ्यापैकी वाटून घेतात. पण अगदी निम्मा-निम्मा वाटतील असं धरू नका, म्हणजे ३५ चे ७० झाले असा हिशेब करू नका.

पाय ओळखताना घाई नको. या ब्रिजवर एक पाय बाकी तिघांशी काटकोनात वळवलेला असतो, तो प्लस. त्याच्या समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मायनस. उरलेले दोन एसी.

दोन ब्रिजमध्येही काम होतं. पहिल्याच्या दोन एसी पायांवर दोन फेज, दुसऱ्याच्या एका पायावर तिसरा, चौथा पाय मोकळा. जोडणी पूर्ण थ्री-फेज होते, थरथरही जाते, पण उष्णता असमान वाटली जाते. १० अँपिअरच्या आतल्या छोट्या चक्कीला हे पुरेसं आहे, तुमच्या ३० ला नाही.

तिसरा पर्याय म्हणजे पाच टर्मिनलचं तयार थ्री-फेज मॉड्यूल. एमडीएस १०० जातीचं १०० अँपिअर, १६०० व्होल्टचं मॉड्यूल स्क्रूच्या टर्मिनलसह येतं आणि त्याचा धातूचा तळ आतल्या सर्किटपासून वेगळा असतो. नव्याने खरेदी करत असता तर मी हेच सुचवलं असतं. चपट्या पायांवर दाबून बसवायच्या क्लिपा हा चौकोनी ब्रिजचा कमकुवत भाग आहे. थरथरीने आणि दमटपणाने त्या सैल होतात, सैल जोड तापतो, तापलेली क्लिप आणखी सैल होते. ब्रिज जळाला अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा आतला डायोड शाबूत असतो आणि पाय काळा पडलेला असतो. तीन ब्रिजच्या जोडणीत मात्र प्रत्येक एसी पायावर साधारण १२ अँपिअर आणि प्रत्येक प्लस-मायनसवर सरासरी १० येतात, आणि एवढं चांगल्या क्रिंप केलेल्या पितळी क्लिपेला झेपतं. क्लिप हाताने सहज निघत असेल तर ती टाकून द्या.

बसवताना सिंकचा पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असू द्या. थर्मल पेस्ट धातूचा रंग जेमतेम झाकला जाईल इतकीच, कारण जाड थर उष्णता अडवतो. मधल्या भोकातला स्क्रू स्प्रिंग वॉशर घालून नीट आवळा. सिंकच्या पट्ट्या उभ्या ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. सिंक बंद पेटीच्या आत ठेवला तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. पेटीची मागची भिंत कापून सिंक बाहेर राहील असा बसवा, आणि बॅटरीच्या अगदी डोक्यावर नको, कारण चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

सोलरची सवय असलेले बरेच जण प्लस वायरीत आणखी एक ब्लॉकिंग डायोड घालतात. इथे त्याची गरज नाही. रात्री किंवा वारा नसताना बॅटरीचा करंट चक्कीकडे परत जाऊ न देण्याचं काम ब्रिजच करतो. जादा डायोड फक्त आणखी १ व्होल्ट खाईल. डीसी बाजूला मोठा कपॅसिटरही नको, बॅटरीच ते काम करते.

आता वर की खाली. पहिल्यांदा वाटतं की रेक्टिफायर वर बसवला तर तीनऐवजी दोनच वायरी खाली आणाव्या लागतील. हिशेब केला तर थ्री-फेज एसीच्या प्रत्येक वायरीतला करंट डीसीच्या सुमारे ०.८२ पट असतो, आणि एकाच जाडीच्या तीन एसी वायरींमधलं एकूण नुकसान दोन डीसी वायरींएवढंच भरतं. उदाहरणार्थ ३० मीटर अंतर, १० चौरस मिलीमीटर तांबं आणि १७ अँपिअर असेल तर दोन्हीकडे साधारण ३० वॅट जातात. म्हणजे वर बसवण्यात तिसऱ्या वायरीएवढं तांबं वाचतं, हे खरं. तरीही मी रेक्टिफायर खालीच ठेवीन. डायोड गेला तर त्यासाठी टॉवर उतरवावा लागू नये हे एक कारण, आणि त्याहून महत्त्वाचं कारण ब्रेकचं आहे.

या प्रकारच्या चक्कीचा ब्रेक म्हणजे तिन्ही फेज एकमेकांना शॉर्ट करणारा स्विच. तो रेक्टिफायरच्या आधी, एसी बाजूला असला पाहिजे. तिथे शॉर्ट केलं तर अल्टरनेटर अडकतो आणि डायोड बॅटरीला त्या शॉर्टपासून दूर ठेवतात. रेक्टिफायरच्या नंतर, डीसी बाजूला तोच स्विच लावला तर चक्कीबरोबर बॅटरीही शॉर्ट होईल. म्हणून तीन एसी वायरी खाली येणं आवश्यक आहे. थ्री-पोल आयसोलेटर (तीन वायरी एकदम जोडणारा-तोडणारा हाताचा स्विच) घ्या, रेक्टिफायरकडे जाणाऱ्या प्रत्येक फेज वायरीचा एकेक फाटा त्याच्या एका बाजूच्या वेगवेगळ्या टर्मिनलला जोडा, दुसऱ्या बाजूची तिन्ही टर्मिनल जाड पट्टीने एक करा. शॉर्टचा करंट चार्जिंगपेक्षा जास्त असतो, तेव्हा स्विच निदान दुप्पट क्षमतेचा हवा. इथे एमसीबी वापरू नका. करंट वाढला की एमसीबी स्वतःहून उघडतो, म्हणजे वादळात ब्रेक आपोआप सुटेल. तिन्ही फेजमध्ये फ्यूज घालण्याची चूकही यासाठीच टाळा. एक फ्यूज उडाला की तुम्ही आज आहात त्याच दोन वायरींच्या अवस्थेत परत याल. आणि ब्रेक वारा थोडा पडल्याची संधी साधून लावा. जोराच्या वाऱ्यात लावला तर पाती न थांबता सगळी शक्ती कॉइलमध्ये जिरू शकते.

फ्यूज एकच, पण तो हवाच: बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ. ३० अँपिअरसाठी ४० ते ५० चा, डीसीसाठी बनवलेला, आणि त्यापुढची वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त करंट सहज नेईल एवढी जाड. हा फ्यूज चक्कीसाठी नसून बॅटरीसाठी आहे. एकाच फेजचे वरचा आणि खालचा असे दोन्ही डायोड शॉर्ट झाले तर बॅटरीचा सगळा करंट थेट ब्रिजमधून वाहतो, आणि तेव्हा आग टाळणारा फ्यूजशिवाय दुसरा काही नसतो.

रेक्टिफायरचं प्लस-मायनस या फ्यूजमार्गे सरळ बॅटरीला जाऊ द्या. मध्ये सोलर चार्ज कंट्रोलर घालू नका. बॅटरी भरली की तो पॅनेल तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, चक्की मात्र मोकळी सुटते. चक्कीला डंप लोडवाला कंट्रोलर लागतो, म्हणजे बॅटरी भरल्यावर जादा शक्ती हीटरच्या रेझिस्टरमध्ये वळवणारा, आणि तो बॅटरीच्या टर्मिनलवर स्वतंत्रपणे जोडतात.

पहिल्यांदा सुरू करताना चक्की ब्रेकवर आणि फ्यूज काढलेला ठेवा. मल्टिमीटर डायोड मोडवर घ्या आणि तीन एसी वायरी ब्रिजपासून सोडवा. लाल टोक मायनसवर आणि काळं आळीपाळीने तीन एसी जागांवर, प्रत्येक वेळी साधारण ०.४५ ते ०.६ दिसलं पाहिजे. मग लाल टोक एसी जागांवर आणि काळं प्लसवर, तेच वाचन. टोकं उलटी केली की काहीही वाहू नये. प्रत्येक पाय आणि सिंक यांच्यामध्येही मीटरने शॉर्ट नाही ना ते बघा. एसी वायरी परत लावा. बॅटरीची वायर लावण्याआधी ब्रेक क्षणभर सोडून पाती हळू फिरू द्या आणि डीसी बाजूला प्लस खरंच प्लस आहे याची मीटरने खात्री करा. बॅटरी उलटी लागली तर सगळे डायोड सरळ दिशेने वाहतात, आणि फ्यूज नसेल तर ब्रिज क्षणात फुटतो. चष्मा घाला.

याच वेळी आणखी एक उपयोगी माप घ्या. बॅटरी सोडवलेली असताना दोन फेजमध्ये एसी व्होल्टेज पाहा. २५ व्होल्टच्या बॅटरीत करंट जायला सुरुवात होण्यासाठी शिखर व्होल्टेज २५ अधिक डायोडचे १.४, म्हणजे २६.४ लागतं, आणि मीटरवर ते साधारण १८.७ दिसतं. हा आकडा ज्या आरपीएमला येतो तिथून चार्जिंग सुरू होईल. १.८ मीटरच्या चक्कीला ३ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात, पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या सातपट धरला तर, तो २२० आरपीएमच्या आसपास यायला हवा. तिन्ही जोड्यांमध्ये वाचन सारखं आलं पाहिजे. एखादं वेगळं आलं तर दोष कॉइलमध्ये किंवा स्टारच्या जोडात आहे, आणि रेक्टिफायर बदलून तो जाणार नाही.

पुढे कधी चक्की जड फिरू लागली, घुरघुरली किंवा चांगल्या वाऱ्यातही सुस्त राहिली, तर डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घ्या. एकच डायोड शॉर्ट झाला तर फ्यूज उडत नाही. बॅटरी ठीक दिसते आणि कॉइल मात्र आतल्या आत तापत राहतात, म्हणून हा दोष फसवा आहे. वारा नसताना ब्रेक उघडा ठेवून पाती हाताने फिरवा. अडखळत फिरत असतील तर तिन्ही एसी वायरी रेक्टिफायरपासून सोडवून परत फिरवा. आता मोकळी फिरली तर दोष रेक्टिफायरमध्ये, तरीही अडखळली तर केबलमध्ये किंवा स्टेटरमध्ये. तीन ब्रिजच्या जोडणीत प्रत्येक फेजला स्वतंत्र ब्रिज असल्याने, फ्यूज काढून आणि एसी वायरी सोडवून वरचीच डायोड मोडची चाचणी केली की कोणता गेला हे बसल्या जागी कळतं.

डायोड उघडा पडला, म्हणजे वाहणंच थांबला, तर चक्की जड होत नाही. समांतर जोडीतला दुसरा त्याचं काम उचलतो आणि तो जास्त तापत राहतो, एवढंच. हे शोधायला क्लॅम्प मीटर लागतो. चांगला वारा असताना एकाच फेजच्या ब्रिजच्या दोन्ही एसी पायांकडे जाणाऱ्या वायरींमधला करंट मोजा. दोन्हीत साधारण सारखा असला पाहिजे. एकीत बराच जास्त आणि दुसरीत त्याच्या जेमतेम निम्मा किंवा त्याहून कमी दिसला, तर आधी क्लिप काढून तिचा रंग बघा, मग ब्रिज.

नवीन जोडणीनंतर पहिल्या जोराच्या वाऱ्याच्या दिवशी अर्धा तास चक्की चालू द्या, मग ब्रेक लावा, फ्यूज काढा आणि प्रत्येक क्लिप व प्रत्येक लग बोटाच्या मागच्या बाजूने चाचपा. सिंक गरम लागेल, ते अपेक्षितच आहे. पण एखादी क्लिप सिंकपेक्षा जास्त गरम लागली तर ती त्याच दिवशी बदला.